'किड ए': गिटारी बाजूला ठेवूनही हा बँडच कसा राहिला?

खर्ज (धागाकर्ता)

रेडिओहेडच्या 'किड ए'बद्दल एक ठरलेलं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं: रॉक बँडने गिटारी टाकल्या आणि इलेक्ट्रॉनिक अल्बम काढला. मला ते फार अपुरं वाटतं. हा अल्बम ऐकताना मला सतत जाणवतं ते वेगळंच. पाच जणांचा बँड आहे, शाळेपासूनचे सोबती आहेत, आणि कित्येक गाण्यांत त्यातल्या दोघा-तिघांना वाजवायलाच काही नाही. अशा वेळी बँड फुटतात. हा फुटला नाही. ते कसं जमलं, आणि त्याचा अल्बमच्या प्रसिद्धीवर आणि स्वागतावर काय परिणाम झाला, यावर बोलायला हा धागा काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. 'ओके कम्प्युटर' १९९७ साली आला, डोक्यावर घेतला गेला आणि पाठोपाठ जगभरचा लांबलचक दौरा झाला. त्या दौऱ्याने गायक थॉम यॉर्कचं काय केलं ते ग्रँट जी यांच्या 'मीटिंग पीपल इज ईझी' (१९९८) या माहितीपटात दिसतं. तेच प्रश्न, त्याच मुलाखती, एकामागून एक हॉटेलं. घरी परतल्यावर त्याला गाणंच सुचेना. स्वतःचा आवाज नकोसा झाला, कारण तोवर त्याच धाटणीत गाणारे बरेच बँड आले होते. मग त्याने वॉर्प या लेबलचे जुने अल्बम झाडून विकत घेतले. एफेक्स ट्विन, ऑटेकर असे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले ऐकत राहिला. कॉर्नवॉलमध्ये घर घेतलं आणि पियानोवर बसायला लागला. पियानो त्याला फारसा येत नव्हता, आणि मला वाटतं तेच कामी आलं. जे वाद्य हातात मुरलेलं नसतं त्यावर बोटं सवयीच्या जागी जात नाहीत.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९९९ मध्ये पॅरिसला सुरू झालं. मार्चमध्ये कोपनहेगन, एप्रिलमध्ये ग्लॉस्टरशरमधला बॅट्सफर्ड पार्क, आणि सप्टेंबरपासून ऑक्सफर्डशरमधला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ. पहिल्या दोन ठिकाणांहून हाती लागले ते टेपांचे ढीग, त्यात पुरी गाणी जवळजवळ नाहीतच. यॉर्क अर्धवट तुकडे आणायचा: एखादा ठेका, एखादा आवाज, कडवं-ध्रुवपद असं काही नाही. गिटारवादक एड ओब्रायनला आधी वाटत होतं की आता तीन-साडेतीन मिनिटांची नेटकी गिटारची गाणी करावीत. बेसवादक कॉलिन ग्रीनवुडलाही ही नवी वाट पटत नव्हती. निर्माता नायजेल गॉड्रिच तर कोड्यात पडला होता की जे इतकं छान जमतं ते सोडायचं कशाला. शेवटी पाचही जणांनी आपसात ठरवलं: प्रसिद्ध करण्याजोगा अल्बम होत नसेल तर बँड मोडायचा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गॉड्रिचने बँडचे दोन गट केले. एका गटाने आवाज किंवा आवाजांची माळ तयार करायची, पण गिटार-ड्रमसारखं कुठलंही वाद्य न वापरता. दुसऱ्याने ते घेऊन पुढे वाढवायचं. यातून एकही पुरं गाणं निघालं नाही. पण एड ओब्रायनची खात्री पटली की या यंत्रांतून आपल्यालाही काही काढता येईल. प्रत्येकाने 'माझं वाद्य' हा हक्क सोडला आणि 'आपला आवाज' शोधायला सुरुवात केली ती इथे. अल्बमच्या मधोमध 'ट्रीफिंगर्स' नावाचा तुकडा आहे, एकही शब्द नसलेला, धुक्यासारखा पसरलेला. तो सिंथेसायझर वाटतो. प्रत्यक्षात ती एडची गिटार आहे, तुकडे करून, ताणून, ओळखू येऊ नये इतकी बदललेली. गिटार गेली नव्हती, तिने रूप बदललं होतं.

'इडिओटेक' या गाण्याचंही तसंच. बँडमधला दुसरा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने मॉड्युलर सिंथेसायझरवर (तारा जोडून आवाज घडवायचं यंत्र) ठेका उभारला, भोवती असंख्य आवाज रचले आणि सुमारे ५० मिनिटांची टेप यॉर्कच्या हाती दिली. यॉर्कला त्यातली जेमतेम ४० सेकंदं भावली. त्या ४० सेकंदांत चार कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) एक तुकडा होता. तो जॉनीचा नव्हता, पॉल लॅन्स्की यांच्या १९७३ सालच्या संगणकावर रचलेल्या संगीतातला होता. जॉनीने लॅन्स्कींना रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. अख्खं गाणं त्या चार कॉर्डवर उभं आहे. एकाने ५० मिनिटं ओतायची, दुसऱ्याने त्यातली पाऊण मिनिट उचलायची आणि पहिल्याने ते मनावर घ्यायचं नाही: हा बँडपणा नाही तर काय?

तुमचं मत लिहा. विरोधी असेल तर आधी लिहा.

तारसप्तक

छान धागा. जॉनीच्या ओन्द मार्तनोबद्दल भर घालतो, कारण त्या वाद्याशिवाय हा अल्बम वेगळाच झाला असता.

मोरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने १९२८ मध्ये हे वाद्य लोकांपुढे आणलं. दिसायला पेटीसारखी पट्टी असते, पण खरी गंमत पट्टीपुढच्या तारेत आहे. उजव्या हाताच्या बोटात तारेला जोडलेली अंगठी घालायची आणि हात आडवा सरकवायचा, की सूर अखंड घसरत जातो. डाव्या हाताखाली एक बटण असतं. ते जितकं दाबाल तितका आवाज वाढतो. म्हणजे मींड उजव्या हातात आणि श्वास डाव्या हातात. आपल्या कानाला हे वाद्य चटकन आपलंसं वाटतं ते त्यामुळेच. जॉनीला त्याचं वेड शाळकरी वयात फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांची 'तुरांगलीला' सिंफनी ऐकून लागलं.

'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये हे वाद्य थरावर थर चढवून वापरलंय, आणि त्यावर ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट जॉन्सची तारवाद्यं आहेत. ती स्टुडिओजवळच्याच डॉर्चेस्टर अ‍ॅबी या १२व्या शतकातल्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केली. या वादकांना मेसियाँ आणि पेंडेरेत्स्की या आधुनिक संगीतकारांचं संगीत वाजवायची सवय होती, म्हणूनच त्यांना निवडलं. शेवटच्या दीड मिनिटात तारवाद्यं हळूहळू सुरातून सुटत जातात, सगळं कोसळणार असं वाटतं आणि मग ती अलगद परत जागेवर येतात. हेडफोन लावून फक्त तेवढाच भाग ऐका. खाली साधी अकूस्टिक गिटार शांतपणे चालू असते आणि डोक्यावर छप्पर हलत असतं.

शीर्षकगीतातला तो यंत्रातल्या बाळासारखा आवाजही याच वाद्याचा. यॉर्क ओळी नुसत्या बोलला, चाल जॉनीने ओन्द मार्तनोवर वाजवली, आणि व्होकोडरने (बोलण्याला वाद्याचा सूर देणारं यंत्र) दोन्ही एकजीव केले. म्हणजे शब्द एकाचे, सूर दुसऱ्याचे. खर्ज, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

रात्रपाळी

विरोधी मत मागितलंय म्हणून मनापासून लिहिते.

कारागिरी मान्य. पण मला या अल्बममध्ये माणूस सापडत नाही. 'ओके कम्प्युटर'मध्ये यॉर्क गातो तेव्हा तो कुणाशी तरी बोलतोय हे कळतं. इथे त्याने ओळी कागदावर लिहून, कापून, टोपीत टाकून हाताला येतील तशा काढल्या. ही त्रिस्तान त्झारा या दादावादी कवीची जुनी युक्ती. अल्बमबरोबर गीतं छापलीसुद्धा नाहीत. ज्या शब्दांना त्यांचा लिहिणाराच क्रम देत नाही, त्यांच्यासाठी माझा जीव का तुटावा?

आणि हे म्हणणारी मी एकटी नाही. अल्बम आला तेव्हा 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात मार्क बोमाँट यांनी त्याची सालटी काढली होती, पाचपैकी दीड तारा दिला होता. कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी 'द न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की असा अल्बम पचवायला रात्रीमागून रात्री घरी बसून ऐकण्याची सवड लागते, आणि ती सोळाव्या वर्षी असते; नोकरी-संसार असलेल्या माणसाकडे नसते. त्यांना जुनाट म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण तो प्रश्न रास्त आहे. कलाकाराने श्रोत्याकडून किती मागावं?

खर्ज

रात्रपाळी, प्रश्न आवडला. शब्दांपुरतं आधी बोलतो.

टोपीतून ओळी काढल्या हे खरं, पण टोपीत टाकायला त्या आधी कुणीतरी लिहिलेल्याच होत्या. दौऱ्यानंतर त्याला सरळ वाक्यं लिहिता येत नव्हती. तुकडेच सुचत होते. ते जोडून खोटा अर्थ आणण्यापेक्षा त्याने ते तुकडेच ठेवले. माणूस मला तिथेच दिसतो. दुसरं, सगळी गाणी तशी नाहीत. 'हाऊ टू डिसअपिअर'मधली मुख्य ओळ, 'मी इथे नाही, हे घडतच नाहीये' अशा अर्थाची, ती आर.ई.एम. या बँडचा गायक मायकेल स्टाइपने दौऱ्याचा ताण सोसायला दिलेल्या सल्ल्यातून आली. ती तर अगदी एका माणसाने दुसऱ्याला दिलेली आधाराची गोष्ट आहे. शेवटचं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' 'क्रीप' या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याच्याही आधीचं, म्हणजे यॉर्कच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. त्यात पायपेटीचा तो धापा टाकणारा भाता ऐकू येतो. त्या भात्याइतकं मानवी मला अख्ख्या 'ओके कम्प्युटर'मध्ये काही सापडत नाही.

हॉर्नबींबद्दल पुढे लिहितो. आधी कुणीतरी प्रसिद्धीवर बोला ना.

पडघम

प्रसिद्धीवर मी बोलतो, कारण तिथे एक समजूत घट्ट बसली आहे: 'किड ए'ला प्रसिद्धीच केली नाही आणि तरी तो पहिल्या क्रमांकावर गेला. हे अर्धसत्य आहे.

काय केलं नाही ते आधी. एकही सिंगल बाजारात आणलं नाही. नेहमीसारखे म्युझिक व्हिडिओ केले नाहीत. मोजक्याच मुलाखती दिल्या. समीक्षकांना आगाऊ प्रती वाटल्या नाहीत, त्याऐवजी खास बैठका भरवून तिथेच अल्बम ऐकवला. त्या काळी रेकॉर्ड कंपनीच्या दृष्टीने हे भलतंच धाडस होतं.

आता काय केलं ते बघा. 'ब्लिप' नावाच्या काही सेकंदांच्या चलचित्रफिती बनवल्या, त्यातल्या बऱ्याच शायनोला या गटाने. टोकदार डोंगर, दात विचकणारी अस्वलं, सोबत गाण्याचा तुकडा, आणि संपलं. त्या संगीत वाहिन्यांवर दाखवल्या आणि इंटरनेटवर फुकट सोडल्या. अमेरिकेत कॅपिटल या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने 'आयब्लिप' काढलं. ही एक छोटी खिडकी होती, कुठल्याही चाहत्याला आपल्या संकेतस्थळावर बसवता यायची, आणि तिच्यातून अख्खा अल्बम ऐकता यायचा. साल २०००! एक हजाराहून जास्त संकेतस्थळांनी ती लावली आणि अल्बम चार लाखांहून जास्त वेळा ऐकला गेला. आज नवा अल्बम त्याच दिवशी फुकट ऐकायला मिळतो याचं आपल्याला काही वाटत नाही. तेव्हा गाणी फुकट ऐकवली तर विकत कोण घेणार या भीतीने कंपन्या कोर्टात जात होत्या.

त्यात नॅप्स्टर, म्हणजे इंटरनेटवर गाणी फुकट देवघेव करायची सेवा, होतंच. त्या उन्हाळ्यात बँड युरोपात नवी गाणी वाजवत हिंडत होता आणि चाहते ती ध्वनिमुद्रित करून नॅप्स्टरवर टाकत होते. कॉलिनने बीबीसीला सांगितलेला किस्सा असा: बार्सिलोनात वाजवलं, दुसऱ्या दिवशी सगळं नॅप्स्टरवर, आणि तीन आठवड्यांनी इस्राएलमध्ये श्रोत्यांना बाजारात न आलेल्या गाण्यांचे शब्द पाठ. पुढे अल्बमही प्रकाशनाआधीच तिथे पोचला. बँडने आरडाओरडा केला नाही.

शरद ऋतूत त्यांनी युरोपात स्वतःचा तंबू घेऊन दौरा केला. आत कुठल्याही प्रायोजकाचं बोधचिन्ह नाही. नाओमी क्लाइन यांचं 'नो लोगो' हे ब्रँडविरोधी पुस्तक बँडमधल्यांनी त्याच सुमारास वाचलं होतं, त्याचा हा परिणाम. अमेरिका-कॅनडात तर मोजून तीन कार्यक्रम केले.

अल्बम २ ऑक्टोबर २००० ला ब्रिटनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत आला. दोन्हीकडे पहिला क्रमांक. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. 'ओके कम्प्युटर' तिथे २१व्या क्रमांकापुढे सरकला नव्हता, हे लक्षात घ्या.

माझं म्हणणं एवढंच: ही प्रसिद्धी नव्हती असं म्हणणं कंपनीतल्या कल्पक लोकांवर अन्याय आहे. त्यांनी अल्बमचा स्वभाव ओळखला. ज्या अल्बममधून एक गाणं उपटून रेडिओवर वाजवलं तर ते पोरकं वाटतं, तो अख्खाच लोकांच्या कानावर कसा घालायचा याचा त्यांनी विचार केला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नमुन्याचा तुकडा न देता अख्खं ताट वाढावं तसं.

ध्वनीवेडी

पडघम +१. खिडकीतून अल्बम ऐकवायची ती कल्पना मला आजही थक्क करते.

मुखपृष्ठाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ते बर्फाचे डोंगर चित्रकार स्टॅन्ली डॉनवुड आणि यॉर्क यांनी मिळून रंगवले-जुळवले. पहिल्यांदा बघताना परीकथेतला देखावा वाटतो. पण डॉनवुडच्या डोक्यात होतं ते कोसोवोच्या युद्धातलं वर्तमानपत्रात आलेलं छायाचित्र: बर्फाचा चौकोनी तुकडा आणि त्यात युद्धाचा कचरा. ते कळल्यावर डोंगरामागची लाल झाक वेगळी दिसायला लागते. सुरुवातीच्या सीडींमध्ये तबकडी बसवायच्या प्लास्टिकच्या खाचेखाली आणखी एक पुस्तिका लपवलेली असायची. खाच उचकटल्याशिवाय ती सापडत नसे. टोनी ब्लेअरचं चित्र त्यातच आहे.

तारसप्तक

स्वागताचा प्रवास क्रमांकांतच बघा. 'रोलिंग स्टोन'ने सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांची यादी केली: २००३ मध्ये 'किड ए' ४२८वा. २०१२ मध्ये ६७वा. २०२० मध्ये २०वा. अल्बमचा एकही सूर बदललेला नाही.

बाकी 'पिचफोर्क' या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने आल्या आल्या दहापैकी दहा दिले होते आणि ग्रॅमीमध्ये सर्वोत्तम पर्यायी अल्बमचा मान २००१ मध्ये मिळाला, म्हणजे सुरुवातीला सगळेच विरोधात होते असंही नाही. भांडण मुख्यतः ब्रिटिश रॉक साप्ताहिकांशी होतं. ज्यांनी हा बँड घडताना पाहिला त्यांनाच दगा झाल्यासारखं वाटलं.

खर्ज

तारसप्तक, हे आकडे दिल्याबद्दल आभार. हॉर्नबींचं उत्तर मला त्यातच दिसतं. त्यांना वाटलं की मोठ्या माणसाकडे या अल्बमसाठी वेळ नाही. पण पुढच्या वीस वर्षांत तीच मोठी माणसं, कामावर जाता-येता, ऐकत राहिली. रात्री जागून बसायची गरज पडली नाही. हा अल्बम एका बैठकीत पटवून द्यायची घाई करत नाही, थोडाथोडा ऐकला तरी साठत जातो. श्रोत्याकडून किती मागावं, तर माझ्या मते एवढंच: पहिल्या ऐकण्यात निकाल देऊ नका.

रात्रपाळी

यादीतला क्रमांक वर गेला म्हणून माझ्या कानाला माणूस सापडणार नाही, हे सांगायला हवं. :) पण भात्याचा मुद्दा मात्र पटला. काल रात्री ते शेवटचं गाणं लावलं, आणि खरंच भाता ऐकू येतो.

एक सांगा, फिल सेल्वे या सगळ्यात कुठे आहे? ड्रमर माणूस, आणि 'इडिओटेक'चा ठेका यंत्रावरचा. त्याला काय वाटलं असेल?

खर्ज

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो!

'मॉर्निंग बेल' ऐका. पाच मात्रांचा ठेका, सरळ, कोरडा, एकही दिखाऊ हात नाही. पाच मात्रा आहेत हे कळूसुद्धा न देता तो गाणं पुढे नेतो. 'ऑप्टिमिस्टिक'मध्ये तर गाण्याचा कणाच फिल आहे, मोठे टॉम ड्रम घुमवत. 'द नॅशनल अँथम'मध्ये यॉर्कच्या त्या फिरत राहणाऱ्या बेसखाली त्याने ठेका इतका घट्ट धरलाय, की वर आठ ब्रास वादक वाहतुकीच्या कोंडीसारखा गोंधळ घालतात आणि तरी गाणं विस्कटत नाही. तिथे बेस कॉलिनने नाही, यॉर्कने वाजवलाय. कॉलिनने ते खुशाल होऊ दिलं. माझ्या मुद्द्यातला हाही एक धागा.

खरं उत्तर मात्र मंचावर मिळतं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये १४ ऑक्टोबर २००० ला त्यांनी 'द नॅशनल अँथम' आणि 'इडिओटेक' सादर केली. 'इडिओटेक'मध्ये जॉनी मॉड्युलरच्या तारा उपसून दुसऱ्या भोकांत खुपसत असतो, यॉर्क अंगात आल्यासारखा नाचतो, आणि यंत्राच्या ठेक्यावर फिल स्वतःचा ठेका चढवतो. रात्रपाळी, तुम्हाला हवा तो माणूस तिथे आहे. पुढच्या वर्षी आलेल्या 'आय माइट बी राँग' या प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणात 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' साडेसात मिनिटांच्या पुढे जातं. यॉर्क गातो, जॉनी त्याचाच आवाज तिथल्या तिथे पकडून, तोडून, उलटा करून त्याच्यावर सोडतो, आणि फिल खालून ठेका वाढवत नेतो. स्टुडिओत गॉड्रिचने संगणकावर जे केलं ते इथे पाच जण हातांनी करतात.

रात्रपाळी

'आय माइट बी राँग' मिळवलं. 'इडिओटेक' मैफलीतलं जास्त आवडलं, मूळ अजूनही गार वाटतं. 'मॉर्निंग बेल' दोन्हीकडे सुंदर. 'अ‍ॅम्नीझिअ‍ॅक'मध्ये तेच गाणं पुन्हा वेगळ्या रूपात आहे ना? त्याच बैठकांतून निघालेला अल्बम असेल तर त्याच्याबद्दलही इथेच लिहा कुणीतरी.

पडघम

हो, त्याच. वीसहून जास्त गाणी झाली होती. दोन तबकड्यांचा एकच अल्बम करायचा विचार झाला, पण इतकं एकदम ऐकणं जड जाईल म्हणून उरलेल्या गाण्यांतून २००१ च्या जूनमध्ये 'अ‍ॅम्नीझिअ‍ॅक' आला. त्याची सिंगल्स काढली, व्हिडिओही केले. दोन्ही अल्बमांची एकत्र आवृत्ती २०२१ मध्ये आली, 'किड ए म्नीझिया' नावाने, आणि आधीच्या दोन्ही अल्बमांत न आलेलं 'इफ यू से द वर्ड' पहिल्यांदा ऐकायला मिळालं. ते ऐकलं की वाटतं, हे त्यांनी वीस वर्षं कपाटात का ठेवलं? त्यावर उद्या सविस्तर लिहितो, कारण कुठलं गाणं कुठल्या अल्बममध्ये गेलं आणि का, यावर खर्जशी माझं भांडण होणार आहे.